गाडीतला स्टिरिओ आणि खिशातला प्लेअर : आपले अनुभव लिहा

ॲपलच्या आयपॉड या खिशातल्या प्लेअरची निर्मिती मे २०२२ मध्ये बंद झाली, तरी आमच्या घरातला १६० जीबीचा आयपॉड क्लासिक अजून ठणठणीत आहे. वडिलांनी जमवलेल्या नाट्यसंगीताच्या आणि मैफलींच्या कॅसेटी मी सवडीने त्यात उतरवून ठेवल्या आहेत. गाडीतला जुना स्टिरिओ आता बिघडल्यामुळे नवा घ्यायचा आहे. दुकानात विचारले, तर ‘यूएसबी आहे ना, सगळं चालतं’ एवढेच उत्तर मिळते. ज्यांनी फोनऐवजी वेगळ्या प्लेअरवरून गाडीत गाणी ऐकली आहेत, त्यांनी काय जोडले, कसे जोडले आणि कुठे अडले, हे सविस्तर लिहावे, ही विनंती. ‘अमुक कंपनी घ्या’ अशा एका ओळीचा मला फारसा उपयोग नाही.

पुण्याहून

‘सगळं चालतं’ या उत्तरावर विसंबून मी नाना पेठेतून एक स्टिरिओ बसवून घेतला होता. त्यात पेनड्राइव्ह उत्तम चालत असे, पण आयपॉड जोडला की पडद्यावर काहीच दिसत नसे. कारण नंतर समजले. आयपॉडमध्ये गाणी आपण दिलेल्या नावांनी साठवलेली नसतात. ती एका लपवलेल्या फोल्डरमध्ये चार अक्षरी निरर्थक नावांनी विखुरलेली असतात आणि कोणते गाणे कोणाचे, कोणत्या संग्रहातले, याची नोंद वेगळ्या फाइलीत असते. त्यामुळे स्टिरिओला आयपॉडची स्वतःची भाषा यावी लागते; नुसते यूएसबीचे तोंड असून भागत नाही. खोक्यावर ‘मेड फॉर आयपॉड’ असे लिहिलेले आहे का आणि माहितीपुस्तिकेतील यादीत आपल्या मॉडेलचे नाव आहे का, हे दोन्ही पाहावे. मी आठवडाभरात वरचे पैसे भरून स्टिरिओ बदलून घेतला.

बदललेला स्टिरिओ आयपॉड ओळखतो, पण जोडल्याबरोबर आयपॉडवरचे गाणे निवडायचे चक्र बंद पडते आणि हजारो गाण्यांतून हवे ते गाणे स्टिरिओच्या बटणाने शोधावे लागते, जे सिग्नलवर थांबल्याशिवाय जमत नाही. काही स्टिरिओंमध्ये नियंत्रण आयपॉडकडेच ठेवण्याची सोय असते. मला ती असल्याचे दोन वर्षांनी कळले, कारण माहितीपुस्तिका मी वाचलीच नव्हती.

ठाण्याहून

माझ्याकडे आयपॉड नाही, वेगळ्या कंपनीचा प्लेअर आहे, म्हणून मी प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून स्टिरिओत जाणाऱ्या साडेतीन मिलिमीटरच्या ऑक्स वायरीचा साधा मार्ग धरला. कोणताही प्लेअर चालतो, हा त्याचा मोठा गुण. माझा त्रास वेगळाच निघाला. प्लेअर सिगारेट लायटरच्या चार्जरला लावला आणि त्याच वेळी ऑक्स वायरही जोडलेली असली, की स्पीकरमधून बारीक शिट्टीसारखा आवाज येई आणि ॲक्सिलरेटर दाबला की तो चढत जाई. दुकानदाराने स्पीकर खराब ठरवले. स्पीकर निर्दोष होते. चार्जर आणि ऑक्स या दोन मार्गांनी अर्थिंगचे वेटोळे तयार होऊन अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर चालून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा, गोंगाट त्यातून आत शिरत होता. चार्जर काढला की आवाज थांबे, यावरून ते उमगले. ऑक्स वायरीच्या मध्ये बसणारा आणि हे वेटोळे तोडणारा छोटा ग्राउंड लूप आयसोलेटर लावल्यावर प्रश्न मिटला. म्हणून दुकानात स्टिरिओ ऐकून पाहताना इंजिन सुरू असावे आणि चार्जर लावलेला असावा, असे मी आग्रहाने सांगेन.

धागाकर्त्यांसाठी, म्हणजे ज्यांनी हा विषय काढला त्यांच्यासाठी, आणखी एक सूचना. आयपॉड क्लासिकच्या खालच्या रुंद खाचेतून ‘लाइन आउट’ मिळते आणि त्यासाठी वेगळी वायर येते. हेडफोनच्या भोकातून येणारा आवाज प्लेअरच्या छोट्या ॲम्प्लिफायरमधून आणि त्याच्या व्हॉल्यूममधून जातो. लाइन आउट त्याला वगळते, त्यामुळे स्टिरिओला एकसारख्या पातळीचा स्वच्छ सिग्नल मिळतो.

कोल्हापुराहून

प्लेअरचा आवाज गाडीच्या रेडिओवर पाठवणाऱ्या एफएम ट्रान्समीटरवर आम्ही काही वर्षे काढली. कोल्हापुरात रिकामी असलेली फ्रिक्वेन्सी पुणे जवळ आले की एखाद्या केंद्राने व्यापलेली असे आणि भीमसेनजींच्या तानेत जाहिरात मिसळे. कॅसेट प्लेअर असलेल्या गाडीत कॅसेटच्या आकाराचा ॲडाप्टर कितीतरी बरा वाटला.

नागपुराहून

स्टिरिओइतकाच विचार प्लेअर ठेवण्याच्या जागेचाही करावा. हार्ड डिस्क असलेल्या आयपॉडसाठी वापराचे तापमान ३५ अंशांपर्यंत आणि नुसते ठेवून देण्याचे ४५ अंशांपर्यंत सांगितलेले आहे. मे महिन्यात आमच्याकडे सावलीतच पारा तिथवर जातो; बंद गाडीची गोष्ट तर बोलायलाच नको. माझ्या आयपॉडची डिस्क अशीच गेली. तेव्हापासून मी यूएसबीची वायर ग्लोव्ह बॉक्समध्ये काढून घेतली आहे आणि गाडीतून उतरताना प्लेअर खिशात टाकतो.

न्यू जर्सीहून

इथे जुन्या गाडीत कंपनीनेच बसवलेली आयपॉडची वायर होती. २००८ सालचा आयपॉड नॅनो तिला जोडला, तर गाणी वाजत, पण तो चार्ज होत नसे. जुन्या वायरी फायरवायर या यूएसबीसारख्याच जुन्या जोडणीच्या १२ व्होल्टवर चार्ज करत आणि त्या वर्षीच्या नॅनोपासून ती सोय काढून टाकली होती. जुना स्टिरिओ घेणाऱ्यांनी हे तपासावे.

नाशिकहून

मी गाण्यांची नावे हौसेने देवनागरीत भरली होती आणि स्टिरिओच्या पडद्यावर मला फक्त चौकोन दिसले. अभंग, गवळण, भैरवी, सगळे चौकोनच! रोमन लिपीत नावे पुन्हा भरण्यात माझी दिवाळीची सुट्टी गेली. खरेदीपूर्वी देवनागरी नावाचे एक गाणे लावून पाहायला दोन मिनिटे लागतात.

जोडणीबद्दलही लिहितो. गाडीची मूळ वायर कापू देऊ नये, आपल्या मॉडेलचा कपलर, म्हणजे वायर न कापता बसणारा जोड, मागावा. स्टिरिओची पिवळी वायर बॅटरीच्या कायम पुरवठ्याला आणि लाल वायर किल्लीबरोबर सुरू होणाऱ्या पुरवठ्याला जोडतात. माझ्याकडे त्यांची अदलाबदल झाली होती, त्यामुळे गाडी बंद केली की स्टिरिओ सगळी सेटिंग विसरत असे.

धागाकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी आयपॉड, लाइन आउटची वायर आणि चार्जर घेऊन दुकानात गेलो आणि इंजिन सुरू ठेवूनच ऐकण्याचा हट्ट धरला. पहिल्या स्टिरिओने आयपॉड ओळखला, पण नियंत्रण सोडेना. दुसऱ्यात ती सोय होती आणि मागे ऑक्सही होते. देवनागरीचे चौकोन मात्र दोन्हीकडे होते. गाणे चक्रावरूनच निवडायचे असल्याने मी ते सोडून दिले आणि दुसरा स्टिरिओ घेतला. वडिलांनी मागच्या सीटवरून एकच तक्रार केली, की कॅसेटची खरखर आता फार स्पष्ट ऐकू येते.