अनुभव धागा: साठीनंतर गावच्या कारभारात काय काम धरलंत? (सातारा-सांगली)

आपल्या या पट्ट्यात राजकारण घराघरात आहे. 1943 ते 46 या काळात इथल्या गावांनी इंग्रज सरकारला समांतर असं प्रतिसरकार चालवलं, न्यायनिवाडे गावातच केले. पुढं साखर कारखाने, दूध संघ याच मातीत उभे राहिले. तरीही नोकरीतून किंवा शेतातून मोकळा झालेला पुरुष आज बहुतेक ठिकाणी प्रचारसभेत पुढच्या रांगेत बसवण्यापुरता आठवतो. निवडणूक सरली की त्याला कुणी विचारत नाही. मला याचं वाईट वाटतं, कारण भर दुपारी ग्रामपंचायतीत जाऊन दोन तास कागद वाचायला सवड असलेला माणूस तोच असतो.

म्हणून विचारतो. तुम्ही, तुमच्या वडिलांनी, सासऱ्यांनी साठीनंतर नेमकं काय केलं? पद मिळालं का, हे बाजूला ठेवा. जायचं कुठं, मागायचं काय, कोण ऐकतं, ते लिहा. कुणाची नावं नकोत.

निवृत्त शिक्षक, कोरेगाव तालुका

ग्रामसभा वर्षातून किमान 4 वेळा घ्यावीच लागते. गणपूर्तीला, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीला, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातला जो आकडा कमी तो. खरी गोम पुढं आहे. माणसं जमली नाहीत म्हणून सभा तहकूब झाली, की तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग दहा-बारा जणांत ठराव होऊन जातात. म्हणून आम्ही काही निवृत्त मंडळींनी पहिल्याच सभेला माणसं जमवायचं अंगावर घेतलं. आदल्या संध्याकाळी आळीआळीत जाऊन विषयपत्रिका वाचून दाखवतो. ‘सांडपाणी व्यवस्थापन’ म्हटलं की कुणी येत नाही. ‘तुमच्या दारातलं गटार’ म्हटलं की येतात.

दुसरं म्हणजे, ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर गावचा विकास आराखडा आणि झालेला खर्च बघता येतो. नातवंडांकडून शिकून घ्या, अवघड नाही. 15व्या वित्त आयोगातून ग्रामपंचायतीला आलेल्या पैशात 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधलेला होता. हे माहीत असलं, की ‘गटाराला पैसे नव्हते’ या उत्तरानंतर पुढचा प्रश्न विचारता येतो. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज द्यायचा: 10 रुपये फी, 30 दिवसांची मुदत. आवाज चढवायची गरज पडत नाही.

आणि सभा संपली तरी लगेच उठत नाही. माझा प्रश्न इतिवृत्तात लिहून घेतला का, ते बघूनच घरी येतो.

सांगली, गावभाग

आमचं काम पुराचं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. पण सखल भागातल्या घरांत पाणी त्याआधीच येतं. 2019 ला ते 57 फुटांवर गेलं. कुठल्या गल्लीत ते नदीकडून येतं आणि कुठं नाल्यातून उलटं चढतं, हे 2005 पासून बघत आलेल्या माणसाला नकाशाशिवाय सांगता येतं.

मेअखेरीला आम्ही काही ज्येष्ठ वही घेऊन दारोदार जातो. अंथरुणाला खिळलेलं कोण, डायलिसिस कुणाचं चालू आहे, एकटं कोण राहतं, मुलं पुण्याला असतील तर त्यांचे फोन, जनावरं किती, सगळं लिहून घेतो. यादीची एक प्रत महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात देऊन पोच घेतो, एक मंडळाच्या पोरांकडं.

बोट पोरं चालवतात. आमचं काम दार उघडायला लावण्याचं. म्हातारी माणसं घर सोडायला तयार नसतात, पंचविशीतल्या पोराचं तर मुळीच ऐकत नाहीत. तिथं शेजारचा सत्तरीचा माणूस हातात पिशवी घेऊन उभा राहिला आणि “आक्का, मी पण निघालोय, चला” म्हणाला, की त्या कुलूप शोधायला लागतात. पाणी ओसरल्यावर पंचनाम्याच्या वेळी तीच वही पुन्हा लागते.

माजी सरपंच, तासगाव तालुका

मी बाई आहे, तरी लिहिते. महिलांसाठी राखीव पदावर निवडून आले. पहिल्या ग्रामसभेत लोक सगळे प्रश्न माझ्या मिस्टरांना विचारत होते. गावातले एक निवृत्त ग्रामसेवक आहेत, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते उठून म्हणाले, “सरपंच समोर बसल्यात, त्यांना विचारा.” एवढंच बोलून खाली बसले. सभेचा सूरच बदलला.

नंतर दुपारी ते आमच्या ओट्यावर येत. सासूबाई चहा ठेवायच्या. रोकडवही कशी वाचायची, धनादेशावर सही करण्याआधी बिल आणि मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) कशी ताडून बघायची, हे त्यांनी शिकवलं. सही कर किंवा करू नको, असं कधीच सांगितलं नाही. काय विचारायचं ते सांगितलं, निर्णय माझा ठेवला. ज्या गावात खुर्चीवर बाई आहे, तिथल्या ज्येष्ठांनी हे काम आपणहून मागून घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कराड

तरुणपणापासून पक्षाचं काम केलं. आता गाड्यांमागं धावणं होत नाही, म्हणून लोकसभा-विधानसभेला मतदान केंद्रावर उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी म्हणून बसतो. पहाटे अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, होतं, किमान 50 मतांचं. ती मोजून, पुसून, यंत्र कोरं झालेलं डोळ्यांनी बघायचं. संध्याकाळी 17-सी नमुन्याची, म्हणजे नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत हातात पडल्याशिवाय उठायचं नाही. समोरच्या पक्षाचा प्रतिनिधी माझा शाळासोबती आहे, डबा आम्ही एकत्रच खातो. दिवसभर बसवत नसेल तर बदली प्रतिनिधी नेमायची सोय नियमात आहे.

मिरज

मतदारयादीचं काम. नव्या मुलांचा नमुना 6, पत्ता बदलला किंवा नाव चुकलं तर नमुना 8. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं हमखास माहेरच्या यादीत राहतात, ती बदलून घेतो. 2024 ला 85 वर्षांपुढच्यांना घरून मतदानाची सोय होती. त्याचा 12-डी अर्ज मुदतीत भरून देणारं माणूस लागतं. ते मी होतो.

प्रश्न, सातारा शहर

वडील बँकेतून निवृत्त झालेत. घरात चिडचिड चालते. शहरात ग्रामसभा नाही, मग सुरुवात कुठून करायची?

कोरेगावच्या शिक्षकांचं उत्तर

नगरपालिकेचं अंदाजपत्रक मिळवून त्यांच्या हातात द्या. मागच्या वर्षी आपल्या प्रभागाला किती धरले होते आणि खर्च किती झाला, एवढंच आधी काढायला सांगा. कर्जाच्या फायली तपासलेल्या माणसाला ते जड जाणार नाही. प्रारूप मतदारयादी किंवा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की मुदतीत लेखी हरकत देता येते, पोच घ्यायला मात्र विसरू नये. मी रविवारी सकाळी साताऱ्यात राजवाड्यापाशी असतो. त्यांना घेऊन या, पहिलं पान आम्ही बरोबर वाचू.