ट्रॅकवर ब्रेक पेडल मऊ का पडतं?

प्रश्न: नागपूरहून कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर हॅचबॅक न्यायची आहे. चार-पाच फेऱ्यांनंतर पेडल खोल जातं, गार झाल्यावर पुन्हा ठीक. मोठ्या डिस्क टाकू का?

उत्तर १: भाऊ, डिस्क राहू दे, आधी ब्रेक ऑइल बदल. ऑइल उकळून वाफ होते, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खोल जातं. पेडल टणक असून गाडी थांबत नसेल, तर दोष पॅडचा, म्हणजे डिस्कवर दाबून गाडी थांबवणाऱ्या तुकड्याचा. डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा किमान उत्कलनबिंदू कोरडं असताना २३० अंश, ओलावा शोषल्यावर १५५. डॉट ५.१ चा २६० आणि १८०. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही. नवा सीलबंद डबाच घे. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडा डबा ओलावा ओढतो.

उत्तर २: ऑइल बदलताना चाकांच्या ब्रेकमधली हवा काढायचा क्रम मॅन्युअलमध्ये बघ, सगळ्या गाड्यांचा सारखा नसतो. ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी खाली जाऊ देऊ नको, नाहीतर पुन्हा हवा शिरते. आणि ट्रॅकचे पॅड घेतलेस तर ते डिस्कवर घासून रुळवणं फार महत्त्वाचं: मोकळ्या ट्रॅकवर ८-१० वेळा जोरात वेग कमी कर, पूर्ण थांबू नको, मग गार होऊ दे. तापलेला पॅड एकाच जागी दाबून राहिला की त्याचा थर डिस्कवर चिकटतो आणि पेडल थरथरतं. लोक त्यालाच डिस्क वाकली म्हणतात.

उत्तर ३: ब्रेक गार व्हावेत म्हणून शेवटची फेरी हळू मार. ब्रेक तापलेले असताना पार्किंगमध्ये हँडब्रेक ओढू नको, गिअरमध्ये ठेवून चाकाला अडण लाव.