डीएक्स७ मध्ये एकेक टोन पोहोचतो, पण पूर्ण बँक का उतरत नाही?

प्रश्न :
ऑर्केस्ट्रात पुष्कळ वर्षे वाजवलेल्या एका वादकांकडून मी यामाहाचा डीएक्स७ हा सिंथेसायझर (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड वाद्य) विकत घेतला आहे. सहा ऑपरेटरांचा, म्हणजे आवाज घडवणाऱ्या लहरजनकांचा, सगळा कारभार दोन ओळींच्या पडद्यावर, एका वेळी एकच आकडा पाहत करावा लागत असल्याने, संगणकावरील डेक्स्ड हे मोफत सॉफ्टवेअर मी एडिटर म्हणून वापरतो. त्यातून पाठवलेला एकेक टोन, म्हणजे वाद्याचा एकेक तयार आवाज, लगेच वाजतो. मात्र दुसऱ्या टोनाचे बटण दाबून परत आलो की तो नाहीसा झालेला असतो. ३२ टोनांची बँक पाठवली, तर काहीच उतरत नाही. संगणक आणि वाद्य यांच्यात मिडी संदेश (वाद्यांची डिजिटल भाषा) नेणारी यूएसबी केबल स्वस्तातली आहे. वाद्यात बिघाड असेल का?

उत्तर १ :
बिघाड दिसत नाही. एकटा टोन १६३ बाइटांच्या संदेशातून येतो आणि तो फक्त एडिट बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत, बसतो. तो वाद्यावरूनच स्टोअर करावा लागतो. बँक मात्र थेट अंतर्गत मेमरीत लिहिली जाते आणि त्यासाठी मेमरी प्रोटेक्ट, म्हणजे मेमरी पुसली जाऊ नये म्हणून असलेले संरक्षण, बंद असावे लागते. वाद्य सुरू केले की हे संरक्षण पुन्हा लागू होते, त्यामुळे काल बंद केले होते एवढ्यावर विसंबू नये.

एक कळकळीची विनंती आहे. संरक्षण काढण्यापूर्वी आतले ३२ टोन संगणकावर उतरवून घ्या, कारण नवी बँक आली की जुने टोन कायमचे पुसले जातात आणि त्या वादकांनी स्वतः बसवलेले टोन दुसरीकडे कुठेही मिळणार नाहीत. त्यासाठी फंक्शन दाबून ८ क्रमांकाच्या बटणावर ‘सिस इन्फो’ उपलब्ध करा, तेच बटण पुन्हा दाबा आणि ‘मिडी ट्रान्समिट’ विचारल्यावर ‘येस’ द्या.

उत्तर २ :
केबलचाही संशय घ्यावा. बँकेचा संदेश ४,१०४ बाइटांचा असतो आणि मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट असल्याने तो पोहोचायला सुमारे १.३ सेकंद लागतात. स्वर वाजवण्याचे संदेश जेमतेम तीन बाइटांचे असल्याने स्वस्त केबलीतूनही नीट जातात, पण एवढा लांब संदेश तिच्यात मध्येच तुटतो. उतरवून घेतलेली फाइल बरोबर ४,१०४ बाइटांची नसेल, तर ती जपून ठेवण्यात अर्थ नाही.

प्रश्नकर्ता :
आपण दोघांनी सांगितलेले तंतोतंत लागू पडले. जुन्या केबलीतून उतरवलेली फाइल ३,००० बाइटांच्याही आत निघाली. मित्राकडून पाच पिनांची सॉकेट असलेला चांगला इंटरफेस आणल्यावर ती पहिल्याच खेपेला ४,१०४ भरली, आणि त्यानंतरच मी संरक्षण काढून नवी बँक पाठवली. जुनी बँक डेक्स्डमध्ये उघडली, तेव्हा अकराव्या जागी सनईचा एक टोन सापडला; त्यात दोन ऑपरेटर एकमेकांपासून किंचित बेसूर ठेवले आहेत, त्यामुळे स्वर लांबवला की तो सनईसारखा थरथरतो.

उत्तर १ :
आता फंक्शनमध्ये १४ क्रमांकाच्या बटणावर बॅटरीचे व्होल्टेजही पाहून घ्या. ते ३ व्होल्टच्या बरेच खाली असेल तर बॅटरी बदलावी लागेल. मात्र ती आत डाख देऊन बसवलेली असते, त्यामुळे ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.