येशूचं पुत्रत्व मानल्याशिवाय देवापर्यंत पोहोचता येत नाही का?

पायवाट (धागाकर्ता)

'येशू देवाचा पुत्र' म्हटलं की वाद लगेच जन्मावर जातो. देवाला मूल कसं, कधी, कुणापासून? बायबलच्या नव्या करारात हे पुत्रत्व कशासाठी सांगितलंय, ते मात्र बाजूलाच राहतं. तिथे या दाव्यामागोमाग बहुतेक वेळा दुसरा दावा येतो: त्याच्यामुळे इतरांना पित्याजवळ जाता येतं.

जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाचा १६ वा अध्याय बघा. प्रायश्चित्ताच्या दिवशी, वर्षातून एकदा, एकटा प्रमुख याजक पडद्याच्या आत, परमपवित्र स्थानात जातो. त्या दिवशी अंगावर भरजरी पोशाख नाही, साधी तागाची वस्त्रं. आत गेल्यावर निखाऱ्यांवर धूप घालायचा, त्या धुराने कराराच्या कोशावरचं झाकण, म्हणजे दयासन, झाकलं जायला हवं, नाहीतर तो मरेल, असं तिथे स्पष्ट लिहिलंय.

आता मार्कच्या शुभवर्तमानातलं १५:३८ वाचा. येशू प्राण सोडतो आणि मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटतो. लगेच पुढच्या वचनात वधस्तंभासमोर उभा असलेला रोमी शताधिपती (लष्करी अधिकारी) म्हणतो, हा माणूस खरोखर देवाचा पुत्र होता. मार्कने ही दोन वचनं शेजारी शेजारी ठेवलीत, हा मला योगायोग वाटत नाही.

प्रेषित पौल गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या ४ थ्या अध्यायात हेच उलगडून सांगतो: देवाने पुत्राला पाठवलं ते आपल्याला दत्तकपण मिळावं म्हणून. रोमी कायद्यात दत्तक मुलाला वारसाहक्क असे, हे त्याच्या वाचकांना ठाऊक होतं. येशू केवळ थोर गुरू असता तर त्याने वाट दाखवली असती, पण स्वतःचं नातं दुसऱ्याला देता आलं नसतं. चौथ्या शतकात बिशप अथनासियसने, पुत्र हा निर्माण केलेला आहे असं शिकवणाऱ्या अरियसविरुद्ध हाच मुद्दा लावून धरला: जो स्वतः निर्माण केलेला आहे, तो इतर निर्मितांना देवाशी कसा जोडणार? म्हणून माझं मत असं की पुत्रत्व वगळून नुसता 'प्रवेश' शिल्लक ठेवता येत नाही.

साधा_प्रश्न

मांडणी नीट आहे, पण सुरुवातच मान्य नाही. पडदा फाटेपर्यंत माणसाला देवाचं दार बंद होतं, असं चित्र तुम्ही उभं करताय. हे यहुदी परंपरेवर अन्यायकारक आहे.

१ शमुवेलच्या पहिल्या अध्यायातली हन्ना आठवा. मूल नाही म्हणून सवत डिवचते, तिला अन्न गोड लागत नाही. शिलो इथल्या मंदिरात ती मनातल्या मनात प्रार्थना करते, नुसते ओठ हलतात, आवाज येत नाही. दारापाशी बसलेला एली याजक तिला प्यायलेली समजतो. म्हणजे जो अधिकृत मध्यस्थ, त्याला काही कळलंच नाही, आणि देवाने तिचं ऐकलं! कुठला पडदा आड आला? दावीद ५१ व्या स्तोत्रात सरळ म्हणतो की देवाला यज्ञ नको, भग्न हृदय हवं.

आणि खुद्द येशूची उधळ्या पुत्राची गोष्ट घ्या. घर सोडून पैसा उधळलेला धाकटा मुलगा परततो, बाप लांबूनच बघतो आणि धावत जाऊन गळ्यात पडतो. मध्ये कुणी नाही. 'आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थनासुद्धा येशूने वधस्तंभाच्या आधीच शिकवली. तेव्हा देव पिता नव्हता का?

एकेश्वर

साधा_प्रश्न यांच्याशी सहमत, आणि मी एक पाऊल पुढे जातो. कुराणाच्या ११२ व्या सूरेत (अध्यायात) सगळं चार आयतींत (वचनांत) सांगितलंय: अल्लाह एक आहे, त्याने कुणाला जन्म दिला नाही, त्याला कुणी जन्म दिला नाही, त्याच्या तोडीचं कुणी नाही. आणि २:१८६ मध्ये तो स्वतः म्हणतो की मी जवळ आहे, हाक मारणाऱ्याला उत्तर देतो. जो इतका जवळ आहे त्याच्यापर्यंत पोहोचायला पुत्र लागतो, हे म्हणणं मला त्याचा मोठेपणा कमी करणारं वाटतं. येशूबद्दल, म्हणजे आमच्या ईसांबद्दल, मनात पूर्ण आदर ठेवून हे लिहितोय.

पायवाट

@एकेश्वर, शरीराने जन्म देणारा देव इ.स. ३२५ मध्ये निकियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेलाही मान्य नव्हता. 'जनित, निर्मित नव्हे' हे शब्द तिथलेच. शरीरसंबंधातून पुत्र ही कल्पना आम्हीही तुमच्याइतकीच ठामपणे नाकारतो. खरा मतभेद पुढचा आहे: देवाच्या एकपणात नातं असू शकतं का? मी हो म्हणतो, तुम्ही नाही. तिथे आपलं जमणार नाही.

@साधा_प्रश्न, हन्नाचं देवाने ऐकलं, यात वादच नाही. नव्या करारातल्या, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा मुद्दा प्रार्थना ऐकली जाते की नाही हा नाहीच. १० व्या अध्यायात त्याचा लेखक म्हणतो की तेच यज्ञ वर्षानुवर्षं करावे लागतात, म्हणजे मनावरचं पापाचं ओझं उतरत नाही. तिथे 'धैर्य' हा मुद्दा आहे, न घाबरता आत जाण्याचा.

उधळ्या पुत्राची गोष्ट तर माझ्याच बाजूने बोलते. मुलगा मनाशी ठरवून येतो की मला मजूर म्हणून ठेवा. बाप ते वाक्य पुरं होऊ देत नाही. झगा, अंगठी, जोडे, सगळं मुलाचं. थोरला भाऊ मात्र घर सोडून गेलेलाच नाही आणि म्हणतो, इतकी वर्षं तुमची चाकरी करतोय. म्हणजे घरात राहूनही तो चाकराच्या मनाने राहिला. देव पिता असणं वेगळं आणि आपण मुलांसारखं जगणं वेगळं. हे दुसरं येशूमधून मिळतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

इतिहासवाचक

इथे सगळे 'पुत्र' एकाच अर्थाने वापरतायत. दुसऱ्या स्तोत्रात देवाचा पुत्र म्हणजे अभिषिक्त राजा. निर्गम ४:२२ मध्ये अख्खं इस्राएल देवाचा ज्येष्ठ पुत्र आहे. तिथून निकियाच्या 'पित्याशी एकतत्त्व' या सूत्रापर्यंत मोठा प्रवास झाला, आणि परिषद भरवली सम्राट कॉन्स्टंटाईनने. प्रश्न तिथे मिटलाही नाही. अथनासियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं, ३८१ ला कॉन्स्टँटिनोपलला पुन्हा परिषद भरवावी लागली. इतक्या वादातून ठरलेल्या गोष्टीवर माणसाचा देवाकडचा प्रवेश अवलंबून ठेवणं मला पटत नाही.

पायवाट

सूत्र उशिरा आलं, श्रद्धा नाही. पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राच्या २ ऱ्या अध्यायात देवाच्या स्वरूपात असलेला, स्वतःला रिक्त करणारा ख्रिस्त आहे, आणि ते पत्र वधस्तंभानंतर साधारण ३० वर्षांतलं. ३२५ च्या कितीतरी आधीचं.

वेल_आणि_फांद्या

मी कॅथलिक आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये चर्चविषयीच्या दस्तऐवजात (परिच्छेद १६) म्हटलंय की स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता (येशूचा संदेश) कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. पुत्र हाच मार्ग, हे आम्ही सोडलेलं नाही. पण त्या मार्गावर कोण चालतंय हे त्या माणसाला स्वतःला माहीत असायलाच हवं, असं नाही.

वचननिष्ठ

ही पळवाट आहे, माफ करा. योहान १४:६ मध्ये 'माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही' असं आहे. प्रेषितांची कृत्ये ४:१२ म्हणतं की तारणासाठी दुसरं नाव नाही. त्याच पुस्तकातला कर्नेल्य हा रोमी अधिकारी देवभीरू होता, दानधर्म करत होता, त्याच्या प्रार्थना देवापर्यंत पोहोचल्या होत्या. तरी येशूचा शिष्य पेत्र याला त्याच्या घरी पाठवावंच लागलं. पोहोचलेल्या प्रार्थना पुरेशा असत्या तर त्या प्रवासाची गरज काय होती?

साधा_प्रश्न

कर्नेल्यचं उदाहरण तुम्ही दिलंत हे बरं केलंत. पेत्र तिथे जाऊन उपदेशाची सुरुवात कशाने करतो? देव पक्षपाती नाही, प्रत्येक राष्ट्रात जो त्याचं भय धरतो आणि नीतीने वागतो तो त्याला मान्य आहे. कृत्ये १०:३४-३५. बाप्तिस्मा नंतरचा.

पायवाट, तुमचा थोरल्या भावाचा मुद्दा मला खरंच आवडला, त्यावर विचार करेन. पण बाप त्यालाही बाहेर येऊन समजावतो, आणि म्हणतो 'बाळा, तू नेहमी माझ्याबरोबर आहेस, माझं सगळं तुझंच आहे'. चाकराच्या मनाने जगणाऱ्यालासुद्धा बापाने मुलगाच म्हटलं. मग ज्याने येशूचं नावही ऐकलं नाही त्याला तो परका कसा मानेल, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

पायवाट

परका मानतो, असं मी म्हणत नाही. बापाने त्याला समजावलं ते बाहेर, अंगणात. घरात परतलेल्या भावासाठी मेजवानी चालू होती आणि तो आत गेला की नाही, हे लूकने लिहिलेलं नाही. मुलगा असणं आणि आत असणं यातलं हे अंतर येशूच मिटवतो, असं मी मानतो, आणि ज्याने त्याचं नाव ऐकलं नाही त्याच्यासाठीही तोच ते मिटवेल अशी माझी आशा आहे. वचननिष्ठ यांना ही आशा जास्त वाटेल, तुम्हाला कमी. मला यापुढे जाता येत नाही, आणि मागेही यायचं नाही.