डीएल-१०३ साठी स्टेप-अप: १:१०, १:२० की १:४०?

शलाका:
टर्नटेबलला डेनॉन डीएल-१०३ आहे, म्हणजे कमी आउटपुटची एमसी (मूव्हिंग कॉइल) कार्ट्रिज, रेकॉर्डवर फिरणारी सुई असलेला भाग. फोनो स्टेज (कार्ट्रिजचा सिग्नल वाढवणारा डबा) फक्त एमएमचा, म्हणजे जास्त आउटपुटच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजसाठी, इनपुट ४७ किलोओहम, गेन ४० डीबी. आवाज फारच बारीक येतो म्हणून स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर घ्यायचाय. समोर १:१०, १:२० आणि १:४० (फेऱ्यांचं गुणोत्तर) असे तीन आहेत. कार्ट्रिजच्या कागदावर लोड (कार्ट्रिजला पुढे दिसणारा रोध) १०० ओहम किंवा जास्त दिलाय, मग ट्रान्सफॉर्मरपुढे १०० ओहमचं एमसी इनपुट लागेल का? आणि आवाज वाढवायचाच आहे तर सरळ १:४० का नको?

ओहमकार:
एमसी इनपुट अजिबात नको. ट्रान्सफॉर्मर नेहमी ४७ किलोओहमच्या एमएम इनपुटलाच जोडायचा. व्होल्टेज गुणोत्तराच्या पटीत वाढतं, पण लोड गुणोत्तराच्या वर्गाने खाली येतो. १:२० च्या पुढे १०० ओहम लावलेत तर कार्ट्रिजला पाव ओहम दिसेल, सिग्नल मरेल.

डीएल-१०३ चं आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट, अंतर्गत रोध ४० ओहम. त्यावरून हिशोब:

१:१० : लोड ४७० ओहम, फोनोला पोचतात २.८ मिलिव्होल्ट
१:२० : लोड ११८ ओहम, ४.५ मिलिव्होल्ट
१:४० : लोड २९ ओहम, ५.१ मिलिव्होल्ट

१:२० वरून १:४० वर गेलात तर गुणोत्तर दुप्पट होतं, पण हाती जेमतेम एक डीबी लागतो. लोड कार्ट्रिजच्या स्वतःच्या रोधाखाली गेला की निम्म्याहून जास्त सिग्नल वेटोळ्यातच खर्ची पडतो. ४० डीबी गेनला साडेचार मिलिव्होल्ट अगदी योग्य. माझं मत १:२०.

खर्जप्रेमी:
१:४० ला माझाही विरोध, आणि त्याचं आणखी एक कारण आहे. ते ऑर्टोफॉन एसपीयूसारख्या दोन-तीन ओहमच्या कार्ट्रिजसाठी बनवलेले असतात. प्रायमरीला (कार्ट्रिजकडच्या वेटोळ्याला) फेरे कमी, म्हणून इंडक्टन्सही कमी. मागे ४० ओहमचा स्रोत आला की खर्ज खालून पातळ होतो. तीन ओहमच्या कार्ट्रिजला मात्र तोच २९ ओहमचा लोड जवळजवळ दसपट पडतो, तिथे तो शोभतो.

१:२० बद्दल थोडा मतभेद. ११८ ओहम म्हणजे अंतर्गत रोधाच्या तिप्पटच. चालतं, पण ४७० वर झांजा आणि व्हायोलिन जास्त मोकळी वाटतात. पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरला पुरेसा गेन असेल आणि फोनो शांत असेल तर १:१० आधी ऐका.

शलाका:
१:१० घेतला आणि आवाज टोकदार वाटला, तर लोड खाली आणता येतो का?

ओहमकार:
येतो. ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुटला, म्हणजे सेकंडरीला समांतर रेझिस्टर लावा. ३३ किलोओहम लावला की कार्ट्रिजला साधारण १९४ ओहम दिसतो, १२ किलोओहमला ९६. दुसऱ्यात आउटपुट २.१ मिलिव्होल्टवर येतं, तेवढा गेन हाताशी ठेवा. मेटल फिल्म, पाव वॅट पुरे. रेझिस्टर थेट सोल्डर करू नका. आरसीए प्लगमध्ये बसवून वाय-अडॅप्टरने जोडा, बदलून ऐकता येतं. उलट दिशेला वाव नाही: १:२० चा लोड वर न्यायला फोनोचा ४७ किलोओहमच बदलावा लागेल.

खर्जप्रेमी:
आता जोडणीचं. ट्रान्सफॉर्मर ते फोनो केबल आखूड ठेवा, अर्ध्या मीटरच्या आत. तिची कपॅसिटन्सही वर्गाच्या पटीत कार्ट्रिजला दिसते: १:२० ला १०० पिकोफॅरडचे ४० नॅनोफॅरड होतात आणि ट्रान्सफॉर्मरच्या लीकेज इंडक्टन्सशी मिळून वरच्या पट्टीत उंचवटा किंवा उतार आणतात. फोनोवर कपॅसिटन्सचे डिप स्विच असतील तर सर्वांत कमीवर ठेवा.

टर्नटेबलची अर्थ वायर ट्रान्सफॉर्मरच्या ग्राउंड स्क्रूला, तिथून दुसरी फोनोच्या स्क्रूला. तरीही घूं आवाज आला तर डबा पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून लांब न्या आणि आवाज सुरू ठेवून हळूहळू फिरवा. एका कोनात घूं एकदम खाली बसते, तिथेच ठेवा. आणि ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगला किंवा कार्ट्रिजच्या पिनांना मल्टीमीटरचं ओहम मोड लावू नका. त्या डीसी करंटने कोर मॅग्नेटाइझ होऊ शकतो, आणि कार्ट्रिजच्या केसासारख्या तारेलाही तो धोक्याचाच.