घरातला बोका गवती चहाची पाती खातो आणि ओकतो: त्याच्या पचनाला हे चांगले की वाईट?

सोनटक्का (प्रश्न)

नमस्कार. आमच्याकडे चार वर्षांचा देशी बोका आहे. पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत तो लहानपणापासून राहतो आणि घराबाहेर जात नाही. गॅलरीत गवती चहाची मोठी कुंडी आहे. संधी मिळाली की तो तिथे जातो, मान वाकडी करून दाढांनी पाती तोडतो आणि फारशी न चावता गिळतो. काही वेळा थोड्या वेळाने पांढरा फेस आणि त्यात अख्खी पाती अशी उलटी होते. काही वेळा उलटी होत नाही, पण दुसऱ्या दिवशी विष्ठेत तीच पाती जशीच्या तशी दिसतात. एरवी त्याचे खाणे, खेळणे आणि वजन व्यवस्थित आहे.

माझ्या सासूबाईंचे म्हणणे असे की मांजराला पोट बिघडल्याचे आपोआप कळते आणि ते औषध म्हणून गवत खाते, त्यामुळे त्याला अडवू नये. शेजारच्या काकूंना वाटते की उलटी होते त्या अर्थी ते त्याला बाधते आहे आणि कुंडी ताबडतोब हलवावी. मांसाहारी प्राण्याच्या पोटात गवताचे नेमके काय होते, उलटी होणे हाच त्या खाण्यामागचा हेतू असतो का, आणि खाऊ द्यायचेच असेल तर कोणते गवत द्यावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

रानवारा

तुमचे निरीक्षण नेमके आहे आणि अर्धे उत्तर त्यातच आहे. पाती अख्खी बाहेर पडतात, कारण मांजराला ती पचवताच येत नाहीत. गवताच्या पेशींची भिंत सेल्युलोजची असते. गाय किंवा शेळी ती पचवते ते पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या मदतीने, आणि त्यासाठी तिच्याकडे चार कप्प्यांचे पोट असते. मांजराचे आतडे आखूड असते, त्याच्या दाढा कातरण्यासाठी घडलेल्या असतात आणि टॉरिनसारखी आवश्यक द्रव्ये त्याला मांसातूनच मिळवावी लागतात. म्हणजे पोषणासाठी त्याला गवताची गरज नाही. गवतातून त्याला फॉलिक आम्ल मिळते असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते, परंतु चांगला मांसाहार मिळणाऱ्या मांजराला ते अन्नातूनच मिळते आणि न पचलेल्या पात्यातून मिळून मिळून किती मिळणार, हा प्रश्न उरतोच.

मग मांजरे गवत खातात तरी का? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक शाखेतले बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजर पाळणाऱ्या हजाराहून अधिक लोकांना प्रश्नावली पाठवून याचा शोध घेतला. दिवसातून किमान तीन तास आपले मांजर डोळ्यांसमोर असते, अशाच लोकांची उत्तरे त्यांनी विचारात घेतली. २०१९ साली नॉर्वेतील बर्गेन येथे त्यांनी मांडलेल्या निष्कर्षांनुसार ७१ टक्के मांजरांना त्यांच्या आयुष्यात किमान सहा वेळा वनस्पती खाताना पाहिले गेले होते, आणि कधीच न खाणारी मांजरे केवळ ११ टक्के होती. तुमच्या सासूबाईंच्या मताच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की दहापैकी सुमारे नऊ मांजरे गवत खाण्यापूर्वी अजिबात आजारी दिसत नव्हती. गवत खाल्ल्यानंतर वारंवार उलटी होणाऱ्या मांजरांचे प्रमाण साधारण एक चतुर्थांश होते. बहुतेक मांजरे निरोगी असताना गवत खातात आणि त्यांतल्या बहुतेकांना उलटी होत नाही, असे असेल तर ‘पोट बिघडले म्हणून’ आणि ‘ओकण्यासाठी म्हणून’ ही दोन्ही स्पष्टीकरणे अपुरी पडतात.

हार्ट यांनी स्वतः सुचवलेले कारण उत्क्रांतीतले आहे. रानातल्या भक्ष्याबरोबर पोटात जंत जातातच. न पचणारा तंतुमय पाला आतड्यांच्या स्नायूंची हालचाल वाढवतो आणि त्या हालचालीने जंत बाहेर ढकलले जातात. टांझानियातील महाले येथील चिंपांझी काही झाडांची खरखरीत, लवदार पाने न चावता घडी करून गिळतात आणि त्यांच्या विष्ठेत त्या पानांबरोबर जंत सापडतात, हे मायकेल हफमन यांनी दाखवून दिले आहे. घरात वाढलेल्या मांजराच्या पोटात आज जंत नसले तरी पूर्वजांकडून आलेली सवय टिकून राहिली, असे हे अनुमान आहे. ते मला पटते, मात्र मांजरांच्या बाबतीत ते अजून अनुमानच आहे, हे लक्षात ठेवावे.

केसांच्या गोळ्याविषयीही लिहायला हवे. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले टणक काटे असतात, त्यामुळे अंग चाटताना सुटलेला केस थुंकता येत नाही, तो गिळलाच जातो. बरेचसे केस विष्ठेतून निघून जातात, उरलेले जठरात गुंतून त्यांचा गोळा होतो आणि अन्ननलिकेतून दाबला जाऊन तो लांबट आकारात बाहेर येतो. ओकलेल्या गोळ्यांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेली छायाचित्रे अलीकडे प्रसिद्ध झाली आहेत. त्यांत पात्यांच्या दातेरी कडांना आणि बारीक लवेला केस अडकलेले दिसतात. याउलट हार्ट यांच्या पाहणीत लांब केसांची मांजरे आखूड केसांच्या मांजरांपेक्षा जास्त गवत खातात असे काही दिसले नाही. माझ्या मते केस निघून जाणे हा गवत खाण्याचा एक परिणाम असू शकतो, पण तेवढ्यावरून ते त्या सवयीचे कारण ठरत नाही.

औदुंबर

मी लहान प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते. वरील विवेचन मला मान्य आहे, परंतु ‘गवत खाणे नैसर्गिक’ या वाक्याचा अर्थ अनेक जण ‘उलटी नैसर्गिक’ असा घेतात आणि तिथे मांजराचे खरोखर नुकसान होते, म्हणून थोडे लिहिते.

गवत खाल्ल्यावर अधूनमधून एखादी उलटी झाली, तीत पाती, फेस किंवा केस असले आणि त्यानंतर तासाभरात मांजर पूर्ववत खेळू-जेवू लागले, तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र दर आठवड्याला किंवा त्याहून जास्त वेळा उलट्या होऊ लागल्या, त्यांत अन्न किंवा रक्त दिसले, वजन उतरू लागले, तर गवताला दोष देऊन थांबू नये. आतड्याला जुनाट सूज, अन्नातला एखादा घटक न मानवणे, आणि उतारवयात मूत्रपिंडाचा किंवा थायरॉइडचा विकार, या सगळ्यांत उलटी हे लक्षण असते. मांजर दिवसभर काहीच खात नसेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये, कारण उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. माणसांची उलटीची किंवा तापाची गोळी घरच्या घरी देऊ नये. पॅरासिटामॉल तर मांजरासाठी विष आहे.

आणखी एक गोष्ट आमच्याकडे पुन्हा पुन्हा दिसते. मांजर खाली बसून मान पुढे ताणते, खोकल्यासारखा आवाज काढते आणि बाहेर काहीच येत नाही. घरचे लोक ‘केसांचा गोळा अडकला’ असे समजून महिनोन्‌महिने थांबतात, आणि तपासल्यावर तो दमा निघतो. उलटीत पोटाचे स्नायू जोराने आत खेचले जातात, तसे खोकल्यात होत नाही. मोबाइलवर एकदा चित्रण करून पशुवैद्यांना दाखवले, तर हा फरक लगेच कळतो.

पात्यामुळे होणारा प्रत्यक्ष अपाय क्वचित घडतो, पण तो ओळखता यायला हवा. उलटीच्या वेळी एखादे लांब पाते टाळूच्या मागे, नाकाच्या बाजूला सरकते आणि तिथेच अडकते. मांजर अचानक सारखे शिंकू लागते, घोट घेताना त्याला त्रास होतो आणि पुढे एकाच नाकपुडीतून स्राव येतो. भूल देऊन ते पाते काढावे लागते. गुदद्वारातून पाते किंवा दोरा लोंबताना दिसला, तर तो ओढू नये. पाते बहुधा आपोआप पडते, परंतु दोऱ्याचे दुसरे टोक आत अडकलेले असेल तर ओढल्याने आतडे कापले जाते.

गच्चीवरची बाग

सोनटक्काताई, कुंडी हलवाच, पण काकूंनी दिलेल्या कारणासाठी नव्हे. गवती चहाच्या पात्याची कड धारदार असते आणि त्यातल्या उग्र तेलाने मांजराचे पोट बिघडू शकते. त्याऐवजी बोक्याला स्वतःची गव्हाची कुंडी द्या. घटस्थापनेला आपण घटाभोवती धान्य पेरतो, अगदी त्याच पद्धतीने गहू रात्रभर भिजवावेत, पसरट कुंडीत ओल्या मातीवर दाट पसरावेत आणि वरून मातीचा पातळ थर द्यावा. आठ-दहा दिवसांत वीतभर कोवळी पाती येतात. गहू स्वयंपाकघरातल्या डब्यातलेच घ्यावेत. पेरणीसाठी मिळणाऱ्या बियाण्याला बहुधा बुरशीनाशक चोळलेले असते आणि त्यावरचा गुलाबी किंवा निळा रंग हीच त्याची खूण असते. पावसाळ्यात मुळाशी पांढरी बुरशी धरते, तेव्हा ती कुंडी सरळ रिकामी करावी. पाती पिवळी आणि राठ झाली की नवी कुंडी लावावी. सातू किंवा ओटही चालतो, आणि मुळासकट आणून कुंडीत लावलेल्या दूर्वांवर तर आमची मांजरी तुटून पडते. सोसायटीच्या हिरवळीवरचे गवत मात्र आणू नये, तिथे तणनाशक किंवा कीटकनाशक कधी फवारले हे आपल्याला कळत नाही.

गवताची हौस असलेले मांजर इतर पानांनाही तोंड लावते, म्हणून घरातली बाकीची झाडे एकदा तपासावीत. मनीप्लांट आणि डिफनबाखिया यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी तोंडाची आग होते आणि लाळ गळते. कण्हेर हृदयावर परिणाम करते, आणि सायकसमुळे, विशेषतः त्याच्या बियांमुळे, यकृत निकामी होते. कळलावीचा कंद आणि बाकीचे सगळे भागही अतिशय विषारी आहेत. पण मांजरांच्या घरात सर्वांत जास्त भीती बाळगावी ती पुष्पगुच्छात येणाऱ्या मोठ्या फुलांच्या लिलीची. तिचे पान, पाकळी, फुलदाणीतले पाणी, इतकेच काय अंगावर पडलेले परागकण चाटले तरी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. सुरुवातीची उलटी थांबल्यावर मांजर बरे झाल्यासारखे वाटते आणि तेवढ्यात उपचाराची वेळ निघून जाते. तशी शंका आली तर लक्षणांची वाट न पाहता त्याच क्षणी दवाखाना गाठावा.

सोनटक्का

सर्वांचे मनापासून आभार. गवती चहाची कुंडी आजच टांगणीवर लावली आणि गहू भिजत घातले आहेत. रानवारा यांनी जंतांचा उल्लेख केला, म्हणून आणखी एक विचारते. बोका घराबाहेर जात नाही आणि कच्चे मांस खात नाही, तरीही त्याला जंतांचे औषध देण्याची गरज आहे का? गवत खाऊन ते काम होणार नाही, असे मी समजते.

औदुंबर

बरोबर समजलात, गवत हा औषधाला पर्याय नाही. मांजरांतला गोल जंत पिल्लाला आईच्या दुधातूनच मिळतो, त्यामुळे घरात वाढलेले मांजर जंतमुक्तच असेल असे गृहीत धरता येत नाही. पिसवा झाल्या असतील तर अंग चाटताना पिसू गिळली जाते आणि तिच्यातून फीतकृमी होतो. त्याचे तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे शेपटीखाली चिकटलेले दिसतात. आपल्याकडच्या घरांत पालीही असतात. उष्ण प्रदेशांत पाल खाल्ल्याने पित्तनलिकेत राहणारा एक चपटा कृमी मांजराला होतो आणि त्याने भूक मंदावते, कधी कावीळही होते. या कृमीवर नेहमीच्या औषधाची नेहमीची मात्रा पुरत नाही, म्हणून बोका पाली मारत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. विष्ठेची तपासणी करून घेतली, तर औषध कोणते आणि वर्षातून किती वेळा द्यायचे, हे त्याच्या वजनाप्रमाणे त्यांना ठरवता येईल. तपासणीसाठी नमुना ताजा, त्याच दिवशीचा न्यावा, आणि त्यात पाती दिसली तर तीही तशीच राहू द्यावीत.