क्यूएफटी गणितात 'नाहीच' म्हणतात, मग लोक रिसर्च नक्की कशावर करतात?

नवखा_प्रोपगेटर:
एमएस्सी फिजिक्सचं शेवटचं वर्ष चालू आहे, क्वांटम फील्ड थिअरीचा (क्यूएफटी, म्हणजे कण आणि बलांचं क्वांटम वर्णन) एक कोर्स झालाय आणि पीएचडी त्यातच करायची असं डोक्यात आहे. पण परवा गणितवाल्यांच्या एका सेमिनारला जाऊन बसलो तर तिथे सरळ सांगितलं की चार मितींमध्ये एकही खरीखुरी इंटरॅक्टिंग (कण एकमेकांवर परिणाम करतात अशी) थिअरी अजून कोणी काटेकोरपणे बांधलेली नाही, आणि आपण जी पर्टर्बेशन सिरीज (उत्तर एकेक लहान दुरुस्ती जोडत काढायची बेरीज) लिहितो ती कन्व्हर्जच होत नाही, म्हणजे कुठल्याच उत्तरावर स्थिरावत नाही. आम्हाला तर शिकवलं होतं की इलेक्ट्रॉनच्या मॅग्नेटिक मोमेंटचं उत्तर प्रयोगाशी १२ अंकांपर्यंत जुळतं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं? आणि मॅथेमॅटिकल फिजिक्समध्ये पीएचडी करणारे दिवसभर करतात काय, फाइनमन डायग्रॅम (सिरीजच्या टर्म मोजायची चित्रं) काढतात की थिअरम सिद्ध करतात?

लूपमोजणी:
दोन्ही खरं आहे, त्यात भांडण काही नाही. फील्ड वगैरे सोड, एकच साधं इंटिग्रल घे. गाऊसियन आहे (घातांकात −x²/2, क्षेत्रफळ १ केलेलं) आणि घातांकात एक्सच्या चौथ्या घाताची टर्म वजा केलीय, तिच्या पुढे जी (g) हा कपलिंग, म्हणजे परिणाम किती जोरदार ते सांगणारा आकडा. जी मध्ये सिरीज काढ आणि जी = ०.०१ ठेव. पहिली टर्म १, मग वजा ०.०३, मग अधिक ०.००५२५, वजा ०.००१७३, असं छान लहान होत जातं, सातव्या घाताला ०.०००४२ च्या आसपास सगळ्यात लहान टर्म येते आणि आठव्यापासून परत वाढायला लागतात, पुढे तर भडकतातच. म्हणजे सहा-सात टर्मपर्यंत बेरीज केलीस तर उत्तर मस्त, आणि 'अजून अचूक करू' म्हणून पुढे गेलास की वाट लागली. कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः करून बघ, पाच मिनिटांचं काम आहे.

कारणही त्यातच दिसतं. जी उणे केलास की इंटिग्रलच अनंत होतं, मग शून्याभोवती कन्व्हर्जन्स येणार कुठून. फिजिसिस्ट डायसनने १९५२ मध्ये क्यूईडीबद्दल (इलेक्ट्रॉन आणि प्रकाशाची क्यूएफटी) हाच मुद्दा मांडला होता, की कपलिंगचं चिन्ह उलटं केलं तर सारखे चार्ज एकमेकांना ओढतील आणि व्हॅक्यूम टिकणारच नाही. क्यूईडीत कपलिंग १/१३७ एवढं लहान असल्यामुळे टर्म बिघडायला लागायच्या आधी आपण कितीतरी अलीकडे थांबलेले असतो. तसंही पुढे जायचं म्हटलं तरी कोण जाणार, मॅग्नेटिक मोमेंटसाठी पाच लूपला (सिरीजच्या पाचव्या पायरीला) १२,६७२ डायग्रॅम आहेत आणि ते करायला काही लोकांचं अख्खं करिअर गेलंय.

काटेकोर:
वरचं बरोबर आहे पण त्यावरून 'गणितवाले उगाच कटकट करतात' असा अर्थ काढू नका. सिरीज कशाची आहे हा प्रश्न उरतोच ना. तुमच्या उदाहरणात इंटिग्रल आधी आहे आणि सिरीज नंतर. क्यूएफटीत सिरीज हातात आहे आणि इंटिग्रलचा पत्ता नाही. वाइटमनने पन्नासच्या दशकात अ‍ॅक्झिअम मांडले, ऑस्टरवाल्डर आणि श्रॅडर यांनी १९७३ मध्ये युक्लिडियन बाजूने (काळालाही जागेसारखीच मिती मानून) तेच केलं, ग्लिम आणि जाफे वगैरे मंडळींनी दोन आणि तीन मितींमध्ये फाय-फोर थिअरी (फील्डच्या चौथ्या घाताची टर्म असलेली सगळ्यात साधी इंटरॅक्टिंग थिअरी) खरोखर बांधून दाखवली. चार मितींत मात्र उलटंच झालं. जागा-काळाऐवजी बिंदूंच्या जाळीवरून सुरुवात करून घरं लहान करत लिमिट घेतली तर हाती फक्त गाऊसियन, म्हणजे फ्री (इंटरॅक्शन नसलेली) थिअरीच येते, हे आयझेनमन आणि ड्युमिनिल-कोपाँ यांनी सिद्ध केलं, पेपर २०२१ मध्ये छापून आला. हा माझ्या मते या क्षेत्रातला गेल्या काही वर्षांतला सगळ्यात भारी निकाल आहे आणि बहुतेक फिजिक्सवाल्यांना तो माहीतसुद्धा नसतो.

यांग-मिल्सची (क्वार्कना जोडणाऱ्या बलामागची थिअरी) गोष्ट वेगळी, तिथे १९७३ ला असिम्प्टोटिक फ्रीडम (अंतर कमी होत गेलं की बल कमजोर होणं) सापडल्यापासून सगळ्यांना आशा आहे की थिअरी असायलाच हवी. पण सिद्ध करा आणि मास गॅपही (सगळ्यात हलक्या कणाचंही वस्तुमान शून्यापेक्षा जास्त असणं) दाखवा, यावर क्ले मॅथेमॅटिक्स इन्स्टिट्यूटचं १० लाख डॉलरचं बक्षीस २००० सालापासून पडून आहे.

शून्यबिंदू:
पडूनच राहणार 😄

जाळीवाली:
सगळे लॅटिसला (जाळीवर कॉम्प्युटरने क्यूएफटी करण्याला) विसरतात नेहमीप्रमाणे. अहो छोट्या जाळीवर क्यूसीडी (क्वार्क आणि ग्लुऑनची थिअरी) पूर्णपणे डिफाइन्ड आहे, मर्यादित संख्येची इंटिग्रल्स, त्यात गूढ काही नाही. प्रश्न फक्त जाळीची घरं लहान लहान करत नेली की उत्तर एका जागी स्थिर होतं का एवढाच, आणि कॉम्प्युटरवर तर होताना दिसतं. २००८ मध्येच प्रोटॉन आणि त्याच्या भावंडांचं वस्तुमान काही टक्क्यांच्या एररमध्ये काढून झालंय. प्रूफ नाही, मान्य. पण आमचा दिवस विचारलात तर अर्धा वेळ कोड का अडकला ते शोधण्यात आणि उरलेला वेळ एररबार खरा आहे की आपणच आपली समजूत काढतोय हे बघण्यात जातो.

नवखा_प्रोपगेटर:
वा, ते इंटिग्रल करून बघितलं, आठव्या टर्मला खरंच वाढतंय! मग आता नेमकं कुठे अर्ज करायचा? सगळ्या ग्रुपच्या पानावर 'मॅथेमॅटिकल फिजिक्स' असंच लिहिलेलं दिसतं.

काटेकोर:
त्या पाटीवर जाऊ नका, एकाच नावाखाली दोन-तीन वेगळी दुकानं चालतात. ज्यांच्याकडे जायचं त्यांचे शेवटचे चार-पाच पेपर अर्काइव्हवर (arXiv, पेपर टाकायची खुली साइट) उघडा आणि 'थिअरम' आणि त्याखाली 'प्रूफ' असं दिसतंय का बघा. तिथल्या मॅथ-पीएच (math-ph, गणिती फिजिक्स) विभागात टाकलेले असतील तर बहुधा दिसेल, हेप-टीएच (hep-th, कणभौतिकीची थिअरी) मध्ये बहुधा नाही. दिसत असेल तर फंक्शनल अ‍ॅनालिसिस आणि प्रोबॅबिलिटी पक्की लागेल, हल्ली गणिती मार्टिन हायररच्या कामानंतर स्टोकॅस्टिक (यादृच्छिक टर्म असलेल्या) समीकरणांच्या वाटेने येणारे बरेच आहेत. प्रूफ नसेल तर ते लोक क्यूएफटी वापरून गणिताबद्दल अंदाज बांधतात, आणि ते काम कमी दर्जाचं अजिबात नाही, सायबर्ग आणि विटेन या दोन फिजिसिस्टनी १९९४ ला फिजिक्सच्या बाजूने जे काढलं त्यामुळे चार मितींच्या टोपॉलॉजीतली कित्येक अवघड प्रूफं एकदम सोपी झाली.

लूपमोजणी:
आणि गाईडच्या आधीच्या विद्यार्थ्यांना मेल टाकून विचार की थिसिसचा प्रॉब्लेम कोणी दिला आणि पहिला पेपर कितव्या वर्षी आला. काटेकोर प्रूफच्या बाजूला पहिला पेपर उशिरा येतो, त्याची तयारी ठेव, सोबतचे डायग्रॅमवाले पुढे गेलेले बघून घाबरून विषय बदलणारे बघितलेत.

जाळीवाली:
कोडिंग पण शीक रे, कुठल्याही बाजूला गेलास तरी लागतंच.